झाकणांचा तक्ता

चष्मेवाल्यांनी दुकान बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी ते दुकान घरी आलं. टेम्पोतून. दोनशे बारा जुन्या फ्रेमा, भिंगांचे डबे, चष्म्यांची रिकामी घरं, दुकानाची पाटी, डोळे तपासायची फिरती लोखंडी खुर्ची आणि अक्षरांचा तक्ता. काकू दारात उभ्या राहून टेम्पो रिकामा होताना बघत होत्या. म्हणजे बघताहेत असं इतरांना वाटेल, अशा उभ्या होत्या. प्रत्यक्षात त्यांना एक मोठं निळसर काहीतरी दिसत होतं आणि त्यातून एक लहान काळसर काहीतरी पुन्हा पुन्हा बाहेर येत होतं. ते लहान काळसर म्हणजे आपला नवरा, हे त्यांनी खोकल्यावरून ठरवलं.

"हे सगळं ठेवणार कुठं?" काकूंनी विचारलं.

"बागेत," चष्मेवाले म्हणाले. "टाकाऊतून टिकाऊ. मासिकात वाचलंय मी."

काकूंना वीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या बागेची काळजी वाटली. पण त्याहून जास्त काळजी वाटली ती त्या खुर्चीची. खुर्ची अंगणात टेकल्याचा आवाज झाला, तशा त्या दोन पावलं मागे सरकल्या.

त्याला कारण होतं. काकूंच्या आईला मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन झालं, ते बिघडलं, आणि मग घरच्यांनी आईला एका खुर्चीत बसवलं. वाईट हेतूने नाही. सगळे फार प्रेमाने म्हणायचे, "तुम्ही बसा हो, पडाल." चुलीशी गेली की बसा, विहिरीशी गेली की बसा, झाडाला हात लावला की बसा. आई अकरा वर्षं बसली. गेली तेव्हा तिचे पाय ठणठणीत होते. हे काकूंनी नवऱ्याला लग्नानंतर एकदा सांगितलं होतं आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता.

आता दोन वर्षांपासून काकूंच्याच डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं झालं होतं. आधी डाव्या, मग उजव्या. आणि ही गोष्ट त्या अशा माणसापासून लपवत होत्या, ज्याने चौतीस वर्षं फक्त लोकांचे डोळेच बघितले होते.

हे जमलं कसं, असं कुणालाही वाटेल. अगदी सहज जमलं. चष्मेवाले दर वर्षाच्या पहिल्या दिवशी बायकोला त्या खुर्चीत बसवत, एक डोळा झाकत आणि म्हणत, "वाच." काकू वाचत. "ग. म, ट. न, प, ल. र, य, त, ज. व, स, क, द, भ." एकही अक्षर चुकत नसे. चुकणार कसं? त्या स्वतः तीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या होत्या आणि तोच तक्ता रोज चाळीस गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकत आल्या होत्या. झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता, उलटाही. चष्मेवाले वहीत लिहीत, "उत्तम."

चष्मेवाले काही भोळे नव्हते. लायसनसाठी येणारे ड्रायव्हर तक्ता पाठ करून येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यासाठी ते तक्ता उलटा करत, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. बायकोसाठी तो उलटा करावा असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

तर त्या खुर्चीकडे बोट दाखवून काकू म्हणाल्या, "हिच्यात पुदिना लावायचा."

"अगं, चांगली फिरती खुर्ची आहे. गादी घालून व्हरांड्यात ठेवू. कुणी बसेल."

"कुणी बसायला नको. पुदिना लावायचा."

चष्मेवाल्यांनी खुर्चीची बैठक कापून काढली, तिथे एक जुनं, बेताचं घमेलं बसवलं, आणि काकूंनी स्वतःच्या हाताने माती भरून पुदिन्याच्या काड्या खोचल्या. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. रिकामी खुर्ची दिसली की लोकांना तिच्यात म्हातारं माणूस बसवावंसं वाटतं, असं त्यांचं मत होतं.

मग चष्मेवाल्यांचा हात चालायला लागला. फ्रेमा उलट्या करून, दांड्या वाकवून त्यांनी चतुर किडे बनवले आणि कुंपणावर बसवले, सत्तावीस. भिंगं दोऱ्यात ओवून पेरूच्या फांदीला टांगली. त्यांतल्या एका जाड भिंगाने दुपारच्या उन्हात शेजारच्या शिंपीणबाईंच्या वाळत घातलेल्या परकराला रुपयाएवढं भोक पाडलं, तेव्हा ती सावलीच्या बाजूला हलवली. चष्मेवाला माणूस, भिंगाने ऊन गोळा होतं हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागलं. पण शिंपीणबाईंनी ते सांगितलं, आणि चांगलं खणखणीत सांगितलं. घरातले चमचे गायब झाले आणि पायरीच्या वर किणकिणायला लागले. काकू हाताने आमटी ढवळायच्या बेतात आल्या, तेव्हा दोन चमचे परत मिळाले.

प्रत्येक नवी वस्तू झाली की चष्मेवाले हाक मारत, "अगं, बघ तरी!" आणि काकू बाहेर येऊन, आवाज ज्या दिशेने आला त्या दिशेला तोंड करून म्हणत, "छान झालंय. रंग विशेष छान." रंग नेहमीच असतो, त्यामुळे यात धोका नव्हता. एकदा मात्र त्यांनी न रंगवलेल्या टायरचा रंग वाखाणला. चष्मेवाले टायर पुन्हा एकदा निरखत म्हणाले, "खरंय. काळा रंगही वाईट नसतो." त्यांनी टायर तसाच ठेवला.

पंचाईत झाली ती बाटल्यांच्या फुलांनी. चष्मेवाल्यांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून, पाकळ्या वळवून, लाल-पिवळ्या रंगवून काठ्यांवर खोचल्या आणि ते सांगायला विसरले. काकूंना सकाळी कोपऱ्यात लाल-पिवळं दिसलं. आपण लावलेली सदाफुली अखेर फुलली, असं त्यांना वाटलं. त्यांनी झारी उचलली आणि मनापासून पाणी घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. तिसऱ्या दिवशी जरा जास्त घातलं, कारण ऊन कडक होतं.

चौथ्या दिवशी मागे चपलांचा आवाज थांबला.

"काय करतेस?"

"दिसत नाही का? पाणी घालते."

"कशाला?"

या प्रश्नात काहीतरी चुकतंय, हे काकूंच्या लक्षात आलं. त्यांना ती खुर्ची आठवली, आईची. आणि मग चष्मेवाले हसायला लागले. इतके हसले की चमच्यांना धक्का लागून तेही वाजले.

"अगं, प्लॅस्टिकची आहेत ती! मी केलीत! चार दिवस पाणी घालतेस?"

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. एवढंच सुचलं.

चष्मेवाल्यांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी शिंपीणबाईंना सांगितलं, पलीकडच्या टपालकाकांना सांगितलं, पाव आणून देणाऱ्याला दारात थांबवून सांगितलं. "हिने पाणी घातलं! हिने, जिने आयुष्यभर झाडं लावली! इतकी खरी झालीत!" काकू मान खाली घालून ऐकून घेत. वेंधळी म्हणवून घेणं त्यांना चालत होतं.

चालत नव्हतं ते दुसरंच. लोक आता बाग बघायला यायला लागले होते आणि सगळे म्हणत होते, "चष्मेवाले, काय बाग केलीत तुम्ही!" वीस वर्षं खत, माती, कीड, कलमं काकूंनी केली. गुलाबाचे काटे काकूंच्या बोटांत. आणि बाग मात्र सत्तावीस चतुरांमुळे चष्मेवाल्यांची. एका संध्याकाळी भाजी निवडताना, म्हणजे बोटांनी चाचपताना, त्या बोलून गेल्या, "बाग तुमची, मी आपली पाणक्या. तेही प्लॅस्टिकला."

चष्मेवाल्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मागच्या भिंतीशी ठोकाठोक सुरू झाली.

तीन आठवडे ती चालली. त्या जागेवर चादर टांगलेली असे. टपालकाका रोज मूठभर झाकणं आणून देत. दुधाच्या, पाण्याच्या बाटल्यांची पांढरी झाकणं, गल्लीतल्या प्रत्येक घरातून गोळा केलेली. टपालकाकांनी निवृत्तीनंतरही घरोघरी जायची सवय सोडली नव्हती, त्यांना फक्त कारण हवं होतं. त्यांच्यात आणखी एक सवय होती. लिहिलेलं काहीही दिसलं की ते मोठ्याने वाचत. औषधाची बाटली, दुकानाची पाटी, दुसऱ्याचं पत्र, काहीही.

"काय चाललंय हो भिंतीशी?" काकूंनी त्यांना खोदून विचारलं.

"सांगायचं नाही असं बजावलंय," टपालकाका म्हणाले. "मलाही नीट दाखवत नाहीत, मी वाचेन म्हणून. पण आखणी पाहिली. वर एक, खाली दोन, त्याखाली तीन. तुमच्या दुकानातल्या तक्त्यासारखं."

काकूंना हायसं वाटलं. तक्ता! जगात एवढी एकच गोष्ट होती, जी वाचायला त्यांना डोळे लागत नव्हते.

रविवारी सकाळी मंडळी जमली. शिंपीणबाई, त्यांचे यजमान, टपालकाका आणि गल्लीतली आणखी चार माणसं, ज्यांना आपली झाकणं कुठे लागली ते बघायचं होतं. चष्मेवाल्यांनी टेप लावून भिंतीपासून वीस फूट मोजले होते आणि तिथे चुन्याची रेघ मारली होती. सवयच ती. त्यांनी बायकोला रेघेवर उभं केलं. भिंत पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट काकूंच्या डोळ्यांत. त्यांना समोर नुसता पांढरा झगझगाट दिसत होता, भिंत कुठे आणि आकाश कुठे तेही कळत नव्हतं.

चादर सरकल्याचा आवाज आला.

"वाच," चष्मेवाले म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, जरा कापरा होता. काकूंना वाटलं, एवढ्या लोकांसमोर उभं राहायची सवय नाही, म्हणून असेल.

टपालकाकांनी वाचायला श्वास घेतला. तो काकूंना स्पष्ट ऐकू आला. दुसऱ्या कुणी आधी वाचलं तर आपल्या हातची संधी जाईल, म्हणून त्यांनी घाई केली.

"ग," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "म, ट. न, प, ल."

कुणी काही बोललं नाही. काकूंना वाटलं, लोक थक्क झाले. या वयात वीस फुटांवरून! त्यांना जोर चढला. त्यांनी चौथी ओळही म्हटली. "र, य, त, ज." आणि थांबायचं कशाला, म्हणून पाचवीही. "व, स, क, द, भ."

चमचे किणकिणले. शिंपीणबाईंच्या तोंडून "अगं..." असं काहीतरी निघालं आणि तिथेच थांबलं. टपालकाकांचा मघाचा श्वास अजून आतच होता. त्यांनी तोंड उघडलं असावं, कारण चष्मेवाले घाईने म्हणाले, "थांबा हो टपालकाका." आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बरोबर. अगदी बरोबर वाचलंस."

मग चहा झाला. काकू विजयी मुद्रेने कप देत फिरल्या. एक गोष्ट मात्र त्यांना जराशी खटकली. लोक फार हळू बोलत होते. शिंपीणबाईंनी, ज्यांनी परकराच्या भोकापासून या घरात पाऊल ठेवलं नव्हतं, काकूंच्या हातातून ट्रे घेतला आणि निघताना त्या काकूंचा दंड धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. टपालकाका काहीही न वाचता घरी गेले.

सगळे गेल्यावर चष्मेवाले म्हणाले, "जरा भिंतीपाशी ये. झाकणं नीट बसलीत का, हाताने बघ. माझ्या बोटांना आता खिळे कळत नाहीत."

काकू गेल्या. लाकूड ओळखीचं होतं, ती दुकानाचीच पाटी होती, उलटी करून काळी रंगवलेली. त्यांनी सर्वांत वरच्या अक्षरावर हात ठेवला. झाकणांच्या कडा बोटांना गोल गोल लागत होत्या. ग काढायला दोन उभे दांडे लागतात, एक आखूड, खाली गाठीचा, आणि एक लांब. बोटं पहिल्या दांड्यावरून खाली उतरली आणि गाठीऐवजी भलतीकडेच वळली. शेजारी एक काना होता आणि त्यावर वेलांटी.

तो ग नव्हता. ती "ही" होती.

काकूंचा हात तिथेच राहिला. मग तो खालच्या ओळीवर आला. तिथेही म आणि ट नव्हते. "बा," बोटं म्हणाली. "ग." तिसरी ओळ वाचायला त्यांना बराच वेळ लागला. हि. ची. च.

ही बाग हिचीच.

त्याखाली चाचपलं तर नुसतं सपाट लाकूड.

"चौथी ओळ नाहीये," चष्मेवाले मागून म्हणाले. "झाकणं संपली."

"मी म्हटली ना पण."

"हो. पाचवीही म्हटलीस. एक अक्षर चुकलं नाही."

काकू वळल्या नाहीत. त्यांना रडू येत होतं आणि त्यांना ते येऊ द्यायचं नव्हतं, पण ते आलंच.

"कधीपासून?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे त्या फुलांना पाणी..."

"मला फक्त लाल-पिवळं दिसलं हो. सदाफुली वाटली."

चष्मेवाले पालथ्या बादलीवर बसले. बादली करकरली. "आणि मला वाटलं, मी कलाकार झालो," ते म्हणाले. "गल्लीभर सांगत फिरलो. चौतीस वर्षं धंदा केला, घरातली बाई प्लॅस्टिकला पाणी घालते, आणि मी दात काढून हसलो." त्यांनी पाटीकडे पाहिलं. "त्या ड्रायव्हर लोकांसाठी मी तक्ता उलटा करायचो. तुझ्यासाठी एकदाही केला नाही."

"केला असता तर मी तोही पाठ केला असता."

"का पण? मला का नाही सांगितलंस?"

काकूंनी पदराने नाक पुसलं. "डोळ्यांची भीती नाही वाटत मला," त्या म्हणाल्या. "बसायची वाटते. ऑपरेशन बिघडलं तर तुम्ही मला बसवाल. प्रेमानेच बसवाल. झारी काढून घ्याल, विळी काढून घ्याल, म्हणाल, तू बस गं, पडशील. आईच्या हातून बाग गेली, मग चूल गेली, मग ती गेली. माझी बाग तर आधीच तुमच्या नावावर झाली होती."

चष्मेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले आणि त्यांनी बायकोचं मनगट धरून तिला चार पावलं चालवलं. हाताला ओली माती लागली आणि पुदिन्याचा वास आला.

"घरात एवढी एकच बसवायची खुर्ची होती," ते म्हणाले. "तिच्यात पुदिना आहे. आणि तो आता चांगला धरलाय, मी काही तो काढणार नाही. तेव्हा तुला उभंच राहावं लागेल, दिसो की न दिसो. मंगळवारी डॉक्टरकडे जाऊ. तुझ्या आईच्या वेळेचं ऑपरेशन आणि आत्ताचं, यांत फार फरक आहे. बिघडायचं असेल तर ते तरीही बिघडेल, मी खोटं सांगणार नाही."

काकूंनी पुदिन्याचं एक पान तोडून बोटांत चुरडलं. "सकाळचं पाणी?"

"तूच घालायचं. पडलीस तर उचलेन."

मंगळवारी ते गेले. आधी उजवा झाला, दीड महिन्याने डावा. बिघडलं काही नाही. मात्र पट्टी बांधलेल्या दिवसांतही गल्लीने रोज सकाळी एक नवल पाहिलं. एक बाई एका डोळ्याने झारी घेऊन फिरतेय आणि तिचा नवरा दोन पावलं मागे, हात पाठीशी घट्ट बांधून, जिभेच्या टोकावर आलेलं "बस गं" परत परत गिळतोय.

दोन्ही डोळे मोकळे झाले आणि दूरचा नवा चष्मा आला, त्या सकाळी काकू एकट्याच बाहेर आल्या आणि पायरीवर थांबल्या. बाग त्यांनी दोन वर्षांनी नीट पाहिली. नवऱ्याची कारागिरी आयुष्यात पहिल्यांदाच स्पष्ट पाहिली.

कुंपणावरचे सत्तावीस चतुर मेलेल्या झुरळांसारखे दिसत होते. टायर टायरसारखा दिसत होता. भिंतीवरच्या पाटीत "ग" वाकडा झाला होता आणि शेवटच्या "च"ला झाकणं कमी पडल्यामुळे औषधाच्या बाटल्यांची चार तांबडी बुचं लावली होती. ती पाटी मात्र काकूंनी रेघेवर उभं राहून, वीस फुटांवरून, तीनदा वाचली. तिथून त्यांची नजर कोपऱ्यातल्या बाटल्यांच्या फुलांकडे गेली. एकाही फुलाची एकही पाकळी दुसरीसारखी नव्हती. एकावर बाटलीचं लेबल अर्धं चिकटलेलं होतं. यांना खरं समजून पाणी घालायला माणूस खरोखरच आंधळा हवा होता.

त्यांनी झारी भरली. गुलाबांना घातलं, पेरूला घातलं, खुर्चीतल्या पुदिन्याला घातलं. तेवढ्यात मागे चपलांचा आवाज आला आणि थांबला.

काकूंनी मागे पाहिलं नाही. त्यांनी झारी कोपऱ्याकडे वळवली आणि बाटल्यांच्या फुलांनाही, एकेक करून, थोडं थोडं पाणी घातलं.